चिपवरचे ६४ किलोबाइट : कंपन-नोंदकाच्या कर्नल-ड्रायव्हरची कामवही

स्थळ : कुपवाड औद्योगिक वसाहत, सांगली
यंत्रणा : बीगलबोन ब्लॅक हे लहान संगणक-मंडळ, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५८ चिप, लिनक्स कर्नल ६.६

कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागातील, फंक्शनांची नावे या वहीत देवनागरीत लिहिली असून, मूळ नावातील अधोरेषेच्या जागी जोडरेघ दिली आहे. पत्ते षोडशमान पद्धतीचे आहेत.

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

साखर कारखान्याच्या टर्बाइनवर आणि गिअरबॉक्सवर बसवायच्या कंपन-नोंदकाचे काम आजपासून माझ्याकडे आले. गळीत हंगाम तोंडावर असल्यामुळे वेळ कमी आहे. यंत्राची मांडणी ठरलेली आहे. आठ वाहिन्यांवरून दर सेकंदाला प्रत्येकी ३२,००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना २४ बिटांचा असला तरी साठवताना तो ३२ बिटांत बसवायचा. म्हणजे सेकंदाला १०,२४,००० बाइट इतका प्रवाह अखंड चालू राहिला पाहिजे. नमुने गोळा करण्याचे काम चिपमधील पीआरयू हा लहान प्रोसेसर करतो. तो २०० मेगाहर्ट्झवर चालतो, त्याची एक साधी आज्ञा ५ नॅनोसेकंदांत पुरी होते आणि त्याच्यावर लिनक्सचा ताबा नसल्यामुळे तो वेळ चुकवत नाही. लिनक्स मात्र मुख्य कॉर्टेक्स-ए८ गाभ्यावर चालते आणि ते वेळ चुकवू शकते, हे गृहीत धरूनच पुढची आखणी करावी लागते.

प्रश्न मधल्या बफरचा, म्हणजे नमुने तात्पुरते ठेवण्याच्या जागेचा आहे. पीआरयूच्या स्वतःच्या सामायिक मेमरीत १२ किलोबाइट जागा आहे, म्हणजे आपल्या प्रवाहाने ती १२ मिलिसेकंदांत भरते. एसडी कार्डावर लेखन चालू असताना लिनक्सकडून इतक्या वेळात उत्तर मिळेलच, याची हमी मला द्यावीशी वाटत नाही. चिपबाहेरच्या डीडीआर या मुख्य मेमरीत जागा भरपूर आहे, पण तेथवर जाणारा रस्ता सर्वांचा आहे आणि पीआरयूला तेथे किती थांबावे लागेल ते आधी सांगता येत नाही. या दोहोंच्या मधली जागा म्हणजे चिपवरचीच ६४ किलोबाइटांची ओसीएमसी मेमरी, पत्ता ४०३००००० पासून पुढे. तिच्यातील ३२ किलोबाइट घेतले तर ३२ मिलिसेकंदांचा अवकाश मिळतो. हे दोन अर्ध्या भागांत वाटले की एक भरत असताना दुसरा उपसायला १६ मिलिसेकंद मिळतात.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गेल्या वर्षीच्या नमुना-यंत्रातील कोड वाचला. तोही मीच लिहिला होता, त्यामुळे रागवायला दुसरे कोणी नाही. त्यात ४०३००००० हा पत्ता थेट आयओरिमॅपला (भौतिक पत्ता कर्नलला वापरता येईल असा जोडून, म्हणजे मॅप करून, देणाऱ्या फंक्शनला) दिलेला होता आणि बफर पहिल्या बाइटापासून सुरू होत होता. त्या यंत्राबद्दल एकच तक्रार आली होती : सर्व चाचण्या उत्तीर्ण, पण वीज गेल्यावर बॅटरीवर असताना यंत्राला झोपवले की ते पुन्हा जागे होत नसे. तेव्हा दोष पॉवर सप्लायचा समजून दोन कपॅसिटर वाढवले गेले होते.

आज खरे कारण सापडले. एएम३३५८ झोपताना डीडीआर मेमरी स्व-पुनरुज्जीवनाच्या (सेल्फ-रिफ्रेश) स्थितीत टाकावी लागते. ते करणारा कोड डीडीआरमध्येच असेल तर तो स्वतःच्या पायाखालची फांदी तोडतो. म्हणून कर्नलमधील ऊर्जा-व्यवस्थापनाचा भाग सुरुवातीलाच तो कोड ओसीएमसीमध्ये नकलून ठेवतो. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलीत, पहिले ४ किलोबाइट त्या कोडसाठी आणि पुढचे ४ किलोबाइट त्याच्या डेटासाठी स्पष्टपणे राखून ठेवलेले आहेत. आमचे कंपनांचे नमुने नेमके त्याच कोडवर लिहिले जात होते. दिवसभर काही बिघडत नसे, कारण दिवसभर तो कोड चालतच नसे. यंत्र झोपायला निघाले की गाभा त्या पत्त्यावर उडी घेई आणि तेथे टर्बाइनची कंपने आज्ञा म्हणून वाचू लागे.

एक गोष्ट मला आधी पटत नव्हती. त्या कोडच्या तुकड्याला डिव्हाइस ट्रीमध्ये प्रोटेक्ट-एक्झेक हा गुणधर्म दिलेला आहे, म्हणजे नक्कल झाल्यावर ती पाने केवळ वाचनासाठी आणि चालवण्यासाठी खुली राहतात. मग आमचे लेखन तेथे झाले कसे? उत्तर असे की, ते संरक्षण ओसीएमसी सांभाळणाऱ्या एसरॅम ड्रायव्हरने केलेल्या मॅपिंगला आहे, मेमरीच्या त्या पेशींना नाही. मी दुसरे आयओरिमॅप करून त्याच भौतिक पत्त्याकडे जाणारे दुसरे दार उघडले आणि त्या दाराला कुलूप नव्हते. आयओरिमॅपच्या आधी रिक्वेस्ट-मेम-रीजन मागितले असते तर कर्नलने जागा व्यापलेली असल्याचे सांगून तेथेच नकार दिला असता. प्रॉक फाइल सिस्टिममधील आयओमेम ही यादी उघडली की ती जागा एसरॅम ड्रायव्हरच्या नावावर लागलेली स्पष्ट दिसते. सात-बारा न पाहता जमिनीत नांगर घालण्याचा हा प्रकार होता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नवी मांडणी अशी ठरवली. पत्ता कोडमध्ये कोठेही लिहायचा नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये ओसीएमसीच्या नोंदीखाली २००० या अंतरापासून ८००० लांबीची (दोन्ही षोडशमान), म्हणजे ३२ किलोबाइटांची, आमची स्वतःची उपनोंद करायची, तिला पूल (मागेल तशी जागा काढून देणारा मेमरीसाठा) हा गुणधर्म द्यायचा आणि आमच्या ड्रायव्हरने ऑफ-जेन-पूल-गेट वापरून त्या पूलचा हात मिळवायचा. पहिले ८ किलोबाइट ऊर्जा-व्यवस्थापनाचे, पुढचे ३२ आमचे आणि उरलेले २४ किलोबाइट सर्वसाधारण पूलमध्ये मोकळे. जेन-पूल-अलॉक कर्नलला चालणारा आभासी पत्ता देतो आणि जेन-पूल-व्हर्ट-टू-फिज तोच पत्ता भौतिक रूपात देतो. पीआरयूपुढे एमएमयू (आभासी पत्ता भौतिक पत्त्यात बदलणारा भाग) नसल्यामुळे त्याला भौतिक पत्ताच हवा असतो. तो आम्ही पीआरयू सुरू करण्यापूर्वी त्याच्या डेटा मेमरीत ठरलेल्या जागी लिहून ठेवतो.

कर्नलमधील एसरॅम ड्रायव्हर ३२ बाइटांच्या पटीत जागा देतो. आमच्या एका नमुना-संचाची लांबीही आठ वाहिन्या गुणिले चार बाइट, म्हणजे ३२ बाइटच आहे. हा योगायोग असला तरी हिशेब सोपा झाला.

(कर्नल ६.५ पासून आर्म मंडळांच्या डिव्हाइस ट्री फाइली उत्पादकनिहाय उपनिर्देशिकांत गेल्या आहेत. जुन्या जागी शोधण्यात अर्धा तास गेला, म्हणून येथे लिहून ठेवतो.)

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आमच्याकडे प्रशिक्षणासाठी आलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारले की, कर्नलमध्ये टीसीएम नावाची सोय दिसते, कोड किंवा डेटा एका खुणेने थेट गाभ्याला चिकटलेल्या मेमरीत टाकता येतो, मग ती का वापरत नाही. प्रश्न योग्य आहे. ती सोय एआरएम९२६ किंवा एआरएम११३६ यांसारख्या गाभ्यांसाठी आहे. तेथे टीसीएम ही गाभ्याचाच भाग असते, ती आहे की नाही आणि किती आहे हे सीपी१५ या सहप्रोसेसरच्या रजिस्टरमधून विचारावे लागते आणि तिचा पत्ताही त्याच मार्गाने ठरवता येतो. कॉर्टेक्स-ए८ मध्ये टीसीएम नाही. ओसीएमसी ही चिपवर असली तरी गाभ्याच्या बाहेर, एल-थ्री या अंतर्गत जोडमार्गाच्या पलीकडे आहे. दोन्हींना आपण सरसकट चिपवरची मेमरी म्हणतो आणि त्यामुळे पुढचे गैरसमज होतात.

त्याच विद्यार्थ्याने सायंकाळी एक चाचणी करून दाखवली. १६ किलोबाइट ओसीएमसीतून डीडीआरमध्ये नकलायला लागणारा वेळ, डीडीआरमधून डीडीआरमध्ये नकलायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त निघाला. तो म्हणाला, "सर, मग जवळची मेमरी वेगवान कशी?" कारण असे आहे की, त्याची डीडीआरची चाचणी प्रत्यक्षात डीडीआरची नव्हतीच. १६ किलोबाइटांचा तुकडा गाभ्याच्या ३२ किलोबाइटांच्या पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये, म्हणजे गाभ्याजवळच्या वेगवान तात्पुरत्या मेमरीत, सहज मावतो, त्याने चाचणी हजार वेळा फिरवली होती आणि पहिली फेरी वगळता सर्व फेऱ्या कॅशमध्येच झाल्या. ओसीएमसीचे मॅपिंग मात्र कॅशबाहेरचे आहे, म्हणून प्रत्येक वाचन एल-थ्री ओलांडून जाते आणि उत्तर येईपर्यंत गाभा थांबतो. ते मॅपिंग कॅशमध्ये घ्यावे म्हटले तर पीआरयूने केलेले लेखन ए८ च्या कॅशला कळत नाही, आणि दर वेळी कॅश हाताने अवैध करण्याचा नवा उपद्व्याप मागे लागतो.

म्हणून वहीत एकदा नोंदवून ठेवतो : आम्ही ही मेमरी मुख्य गाभ्याच्या वेगासाठी निवडलेली नाही, पीआरयूच्या वक्तशीरपणासाठी निवडली आहे. मुख्य गाभ्याने तेथून प्रत्येक नमुना एकदाच, ओळीने वाचावा आणि डीडीआरमध्ये नेऊन मग त्यावर काय ते काम करावे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पीआरयूच्या बाजूचा कोड लावला. पीआरयूला बाहेरच्या जोडमार्गावर जाऊ देण्यासाठी त्याच्या सिसकॉन्फिग रजिस्टरमधील स्टँडबाय-इनिट हा बिट शून्य करावा लागतो. तो केला नाही तर पीआरयूचे बाहेरचे लेखन पुढे सरकत नाही आणि त्याबद्दल तक्रारही कोठे उमटत नाही. सकाळचे दोन तास यातच गेले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

विद्यार्थ्याच्या चाचणी-मॉड्यूलने पीआरयूच्या सामायिक मेमरीचा पत्ता, ४ए३१००००, वाचायचा प्रयत्न केला आणि कर्नल एक्स्टर्नल अबॉर्ट ऑन नॉन-लाइनफेच असा संदेश देऊन पडला. पत्ता बरोबर होता, मॅपिंग बरोबर होते. पीआरयूचा ड्रायव्हर लोड झालेला नसल्यामुळे त्या सबंध विभागाचे क्लॉक बंद होते. चिपवरची मेमरी झाली तरी तिला क्लॉक लागतेच. ते बंद असेल तर जोडमार्गावरून विचारणा जाते, पण पलीकडे उत्तर देणारे कोणी नसते. आमच्या ड्रायव्हरने पीआरयूचा हात रिमोटप्रोक या सहप्रोसेसर चालवणाऱ्या यंत्रणेमार्फत आधी मिळवावा आणि तो मिळेपर्यंत प्रोब (ड्रायव्हरची सुरुवातीची जुळणी) पुढे ढकलावा, असे बदलले.

उद्या विधानसभेच्या मतदानाची सुट्टी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

प्रवाह सुरू झाला, पण ए८ चा भार अनपेक्षितपणे वाढलेला दिसतो. नमुने बरोबर येतात, एकही गळत नाही, तरी यंत्र धापा टाकते आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कालच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच सावधगिरीत निघाले आणि ते सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

एसरॅम ड्रायव्हर सामान्यतः ही मेमरी आयओरिमॅप-डब्ल्यूसी पद्धतीने मॅप करतो. आर्मच्या भाषेत ती साधी, पण कॅशबाहेरची मेमरी ठरते. डिव्हाइस ट्रीमध्ये नो-मेमरी-डब्ल्यूसी हा गुणधर्म दिला की तीच जागा डिव्हाइस प्रकाराची ठरते, म्हणजे एखाद्या यंत्राच्या रजिस्टरांना लागणारे सर्व कडक नियम तिला लागू होतात : प्रत्येक वाचन-लेखन लिहिलेल्या क्रमाने, न जोडता, न तोडता. दोन प्रोसेसरांमधला बफर आहे, क्रम कडक असलेला बरा, असे वाटून मी तो गुणधर्म १४ तारखेलाच घालून ठेवला होता आणि वहीत त्याचा उल्लेखही केला नव्हता.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षीची मांडणी मी तशीच ठेवली होती. तिच्यात प्रत्येक ठोकळ्याच्या, म्हणजे बफरच्या अर्ध्या भागाच्या, सुरुवातीला ६ बाइटांची शिरोनोंद होती : २ बाइट स्थितीचे, ४ बाइट क्रमांकाचे. त्यामुळे तिच्यामागून येणारा प्रत्येक ३२ बिटांचा नमुना चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावर बसत होता. वाचणारा कोड पॅक्ड स्ट्रक्चरमधून (मध्ये जागा न सोडता रचलेल्या नोंदीतून) एकेक नमुना उचलत होता आणि एआरएमव्ही७ साठी कंपायलर अशा वेळी एकच वाचन-आज्ञा निर्माण करतो, कारण साध्या मेमरीवर असे वाकडे वाचन हार्डवेअर निमूटपणे करून देते. डिव्हाइस प्रकाराच्या मेमरीवर ते चालत नाही. तेथे गाभा अलाइनमेंट फॉल्ट उभा करतो.

मग कर्नल पडला का नाही? कारण आर्मच्या कर्नलमध्ये या फॉल्टसाठी दुरुस्ती करणारा हँडलर आहे. तो अडलेली आज्ञा वाचतो, तिचे काम बाइटाबाइटाने स्वतः करतो, उत्तर योग्य रजिस्टरमध्ये ठेवतो आणि मूळ कोड पुढे चालू देतो. उत्तर बरोबरच येते. फक्त एका आज्ञेच्या जागी अपवाद, रजिस्टरांची साठवण, आज्ञेचा उलगडा आणि परतीचा प्रवास एवढे सगळे घडते, आणि आमच्या बाबतीत ते सेकंदाला २,५६,००० वेळा घडत होते. प्रॉकमधील सीपीयू निर्देशिकेत अलाइनमेंट नावाची फाइल आहे. तिच्यातील सिस्टिम या ओळीचा आकडा डोळ्यांदेखत धावत होता. लोक ही फाइल सहसा युजर प्रोग्रामांचे दोष शोधण्यासाठी उघडतात. कर्नलमधला आकडा इतका वाढलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दोन्ही बाजू दुरुस्त केल्या. शिरोनोंद आता ३२ बाइटांची, म्हणजे एका नमुना-संचाइतकी आहे आणि १६ किलोबाइटांच्या ठोकळ्यात तिच्यानंतर ५११ संच बसतात. शिरोनोंदीतले बहुतेक बाइट रिकामे राहतात, पण जागेची इतकी चणचण नाही. नमुने एकेक न उचलता मेमकॉपी-फ्रॉमआयओने सबंध ठोकळा एकदम डीडीआरमध्ये नेतो. नो-मेमरी-डब्ल्यूसी काढून टाकले. अलाइनमेंटचा आकडा जागच्या जागी थांबला आणि यंत्राची धाप गेली. नकलण्याचे काम ईडीएमए या चिपमधील नक्कल-यंत्रणेकडे द्यावे, असा विचार काल रात्री केला होता. त्याची आता गरज उरलेली नाही.

जेन-पूल-अलॉक साधा पूर्णांक परत देतो, आयओमेम ही खूण त्याला नसते. त्यामुळे मेमकॉपी-फ्रॉमआयओला देताना तो मुद्दाम बदलून घ्यावा लागतो, नाहीतर स्पार्स हे तपासणी-साधन कुरकुरते. तो बदल एकाच ठिकाणी, प्रोबमध्ये केला आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

साधा पॉइंटर वापरल्याची किंमत आज मोजावी लागली. पुढचा ठोकळा तयार होईपर्यंत वाट पाहणारे एक लहान आवर्तन विद्यार्थ्याने चाचणीसाठी लिहिले होते. त्यात साधा पॉइंटर वापरला होता. कंपायलरने ते वाचन आवर्तनाबाहेर उचलून नेले आणि आवर्तन कधीच संपेना. रीड-वन्स किंवा रीडएल वापरल्याशिवाय या मेमरीतील बदलणारी कोणतीही जागा वाचायची नाही, असा नियम केला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

प्रत्यक्ष सिग्नलवर चाचणी हवी होती आणि टर्बाइन टेबलावर आणता येत नाही. आमच्या एका सहकाऱ्यांकडे मिरजेत करून घेतलेला तानपुरा आहे. त्यांनी तो आज आणला आणि कंपन-संवेदक मेणाने घोडीजवळ चिकटवला. गंमत म्हणून सुरू केलेली ही गोष्ट उपयोगाची ठरली. तानपुऱ्याचा सूर सलग असतो, त्याच्या जवारीत वरच्या कंपनसंख्या भरपूर असतात आणि नोंदलेला सिग्नल स्पीकरवर ऐकला की १६ मिलिसेकंदांची खिंडही कानाला खट्ट करून लागते. आलेख पाहून ती सापडायला किती वेळ गेला असता कोण जाणे.

आणि खट्ट ऐकू आलेच, काही मिनिटांतून एकदा. नियमित नाही. एसडी कार्डावरचे लेखन वाढवले की जरा जास्त.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गळालेल्या ठोकळ्यांच्या नोंदी तपासल्या. एकही ठोकळा भरायचा राहिलेला नव्हता. आमच्याच ड्रायव्हरने ते आधी वाचलेले समजून टाकून दिले होते, कारण शिरोनोंदीतील क्रमांक त्या जागेतल्या आधीच्या ठोकळ्याचा दिसला होता. पीआरयू मात्र शपथेवर सांगत होता की, क्रमांक लिहूनच मी इशारा दिला.

दोघेही खरे बोलत होते. मांडणी अशी होती : पीआरयू नमुने ओसीएमसीत लिहितो, शेवटी शिरोनोंदीत नवा क्रमांक लिहितो आणि मग ठोकळा तयार झाल्याचा झेंडा स्वतःच्या सामायिक मेमरीत वर करतो. इंटरप्ट (पीआरयूचा इशारा) येतोच, पण एक ठोकळा उपसून झाल्यावर ड्रायव्हरचा थ्रेड झोपण्यापूर्वी तोच झेंडा पुन्हा एकदा पाहतो. पीआरयूचे ओसीएमसीकडे जाणारे लेखन हे टाकून मोकळे होण्याच्या प्रकारचे आहे. लेखन जोडमार्गावर सोपवले की पीआरयू पुढच्या आज्ञेकडे वळतो, ते पोहोचल्याची पोच घेत नाही. झेंडा मात्र त्याच्या घरातल्याच मेमरीत, तत्काळ वर होतो. दोन लेखने, दोन वेगळे रस्ते. मार्केट यार्डात पावती आधी पोहोचावी आणि हळदीची पोती अजून वाटेतच असावीत, तसे झाले. थ्रेडने नेमक्या त्या फटीत झेंडा पाहिला तर त्याला झेंडा नवा आणि क्रमांक जुना दिसतो.

ए८ च्या बाजूलाही तशीच फट होती आणि ती माझी होती. झेंडा मी रीडएल-रिलॅक्स्डने वाचत होतो. तो डिव्हाइस प्रकारच्या मॅपिंगवर आहे, शिरोनोंद साध्या मॅपिंगवर. या दोन प्रकारांच्या वाचनांत मध्ये बॅरिअर (क्रम पाळायला लावणारी आज्ञा) नसेल तर क्रमाची कोणतीही हमी आर्म देत नाही, आणि कंपायलरलाही ती वाचने पुढेमागे करायला मोकळीक राहते. रिलॅक्स्ड रूप मी का निवडले होते ते आता आठवत नाही. बहुधा चार आज्ञा वाचवण्यासाठी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

एका वेळी एकच बदल. सकाळी रीडएल-रिलॅक्स्डच्या जागी रीडएल केले, त्यात वाचनानंतरचा बॅरिअर अंगभूत आहे. तानपुरा चार तास ऐकला. खट्ट पुष्कळ कमी झाले, पण गेले नाही. म्हणजे दोन्ही फटी खऱ्या होत्या. आपण पहिल्या बदलावर समाधान मानले असते तर उरलेला दोष कारखान्यात निघाला असता.

दुपारी पीआरयूची बाजू बदलली. झेंडा मुळातच काढून टाकला. आता शिरोनोंदीतील क्रमांक हाच झेंडा आहे : तो अपेक्षेइतका असेल तर ठोकळा तयार, नसेल तर नाही. माल आणि पावती एकाच गाडीतून, पावती शेवटी. क्रमांक वाचल्यावर आणि नमुने नकलण्यापूर्वी ए८ वर डीएमए-आरएमबी हा बॅरिअर आहे. इंटरप्टचा रस्ता तरीही वेगळाच राहतो, म्हणून इशारा देण्यापूर्वी पीआरयू आपण लिहिलेला क्रमांक ओसीएमसीतून परत वाचतो. ते वाचन पुरे होते तेव्हा आधीचे लेखन पोहोचलेले असते. वाचनासाठी पीआरयूला थांबावे लागते आणि स्वतःच्या मेमरीच्या ३ आवर्तनांच्या मानाने हा थांबा बराच मोठा आहे. पण तो ठोकळ्यातून एकदाच, म्हणजे १६ मिलिसेकंदांतून एकदा घ्यावा लागतो आणि दोन नमुन्यांमधल्या सुमारे ३१ मायक्रोसेकंदांत सहज मावतो. प्रत्येक नमुन्यानंतर परत वाचण्याची विद्यार्थ्याची सूचना याच हिशेबाने बाजूला ठेवली.

उलट दिशेचाही विचार केला. ठोकळा रिकामा झाल्याचे ए८ पीआरयूला कळवतो तो आकडा आता राइटएलने लिहिला जातो. साध्या मॅपिंगवर गाभा लेखन काही काळ स्वतःजवळ जमवून ठेवू शकतो, म्हणून त्यानंतर डब्ल्यूएमबी हा बॅरिअरही आहे.

यंत्र शनिवार-रविवार चालू ठेवून घरी जात आहे. तानपुरा दोन दिवस कोण वाजवणार, म्हणून त्याच्या जागी सिग्नल जनरेटर लावला आहे.

२ डिसेंबर, सोमवार

शुक्रवार सायंकाळपासून आज सकाळपर्यंत क्रमांकांत एकही खंड नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

एक मोहाची सूचना आली : वॉचडॉगने (अडकलेले यंत्र पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) यंत्र पुन्हा सुरू केले तर त्याआधीचे शेवटचे काही मिलिसेकंद ओसीएमसीत शिल्लक असतीलच, वीज तर गेलेली नसते, मग पुन्हा सुरू झाल्यावर ते वाचून पडझडीचे कारण का शोधू नये. कल्पना चांगली आहे, पण या चिपवर ती टिकत नाही. सुरुवातीला डीडीआर चालू झालेली नसते, म्हणून बूट रॉम पहिला बूटलोडर चिपवरच्याच मेमरीत उतरवते. तो ४०२एफ०४०० पासून बसतो आणि ४०३०बी८०० पर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त १०९ किलोबाइटांपर्यंत, पसरू शकतो. म्हणजे ओसीएमसीचा मोठा भाग त्याच्या वाटेत येतो. त्यापुढे रॉमचा स्वतःचा स्टॅक सुरू होतो. कर्नल उठेपर्यंत आमच्या नमुन्यांवर दोन बिऱ्हाडे येऊन गेलेली असतात. त्यासाठी पडझडीच्या नोंदी राखणारी कर्नलची पीस्टोअर ही यंत्रणा डीडीआरच्या राखीव भागात वापरून पाहावी, असे सुचवून विषय मिटवला.

चाचणीच्या सोयीसाठी आमच्या उपनोंदीला एक्स्पोर्ट हा गुणधर्म दिला होता. त्याने सिसएफएसमध्ये ती मेमरी फाइलसारखी दिसते आणि हेक्सडंपने पाहता येते. ती रूटलाच उघडता येते, तरी लेखनही तेथून होऊ शकत असल्यामुळे कारखान्यात जाणाऱ्या प्रतीतून तो गुणधर्म काढला.

९ डिसेंबर, सोमवार

झोपवण्याची चाचणी केली, जिच्यामुळे हे सगळे सुरू झाले. नमुने चालू असताना यंत्र दोनशे वेळा झोपवले आणि जागे केले. जाण्यापूर्वी ड्रायव्हर पीआरयू थांबवतो. उठल्यावर तो पूलमधील त्याच जागेचे पत्ते पुन्हा लिहितो, क्रमांक शून्यापासून सुरू करतो आणि मगच पीआरयू चालवतो. चाचणी संपल्यावर पहिल्या ८ किलोबाइटांची तुलना आधी घेतलेल्या प्रतीशी केली. कोडच्या ४ किलोबाइटांत एका बाइटाचाही फरक नाही. डेटाच्या भागात थोडे बदल आहेत, तो भाग ऊर्जा-व्यवस्थापनाचाच असल्यामुळे ते अपेक्षित आहेत.

गेल्या वर्षी वाढवलेले दोन कपॅसिटर मंडळावर तसेच ठेवले आहेत.

११ डिसेंबर, बुधवार

यंत्र गिअरबॉक्सशेजारच्या पेटीत बसवून आलो. कारखाना पूर्ण गाळपावर आहे, पेटीच्या दारावर मळीचा वास बसला आहे आणि आठपैकी सहाव्या वाहिनीची केबल उंदराने कुरतडण्याच्या उंचीवर आहे; ती शनिवारी वरून घ्यायची आहे. प्रवाह चालू केल्यापासून निघेपर्यंतच्या पाच तासांत क्रमांकांत खंड नाही आणि अलाइनमेंटचा आकडा शून्यावर आहे.

राहिलेली कामे : ओसीएमसीतील मोकळ्या २४ किलोबाइटांपैकी १६ घेऊन तिसरा ठोकळा करायचा की नाही ते आठवडाभराच्या नोंदी पाहून ठरवणे, डिव्हाइस ट्रीतील आमच्या उपनोंदीवर ती २००० या अंतरावरच का सुरू होते ते सांगणारी टिप्पणी लिहिणे, आणि गेल्या वर्षीची तीन नमुना-यंत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांना नवी प्रत पोहोचेपर्यंत यंत्र झोपवू नये असे कळवणे. शेवटचे काम आजच सायंकाळी फोनवर केले.